पोपडा निघाला तर कुणाला बोलवायचं?

मी आर्किटेक्ट. मातीच्या घराबद्दल माझ्याकडे बोलायला आलेला माणूस बसल्या बसल्या पहिला प्रश्न हाच टाकतो, मॅडम, किती वर्षं टिकतं हो हे? आरसीसी बंगल्यासाठी आलेला हे कधीच विचारत नाही. त्याने मनाशी धरूनच ठेवलेलं असतं की सिमेंट म्हणजे कायमचं, मग पाच-सहा पावसाळ्यांनी टेरेस गळायला लागते, वॉटरप्रूफिंगवाला येतो, चायना मोझॅक फोडतो, नवा थर देतो, गॅरंटीचा कागद देतो आणि तो कागद सापडेनासा झाला की टेरेस परत गळते. पण याला तो कंटाळत नाही, याला तो मेंटेनन्स म्हणतो. मातीच्या भिंतीवरून वर्षाकाठी एकदा हात फिरवायला लागेल म्हटलं की मात्र चेहरा पडतो.

मी त्याला उलटं विचारते, तुमच्या गावात हे काम येणारं कुणी शिल्लक आहे का? बहुतेक वेळा उत्तर येत नाही. इतकी वर्षं ही इको-फ्रेंडली का काय म्हणतात तसली बांधकामं केल्यावर माझं मत असं झालंय की इमारत किती टिकणार हे मटेरियलवर कमी आणि दुरुस्तीला कोण येणार यावर जास्त ठरतं. माती, चुना, बांबू, फ्लाय अॅशच्या विटा हे सगळं नंतर. आणि लोकसहभाग हा जो शब्द प्रत्येक प्रोजेक्ट रिपोर्टच्या पहिल्या पानावर असतो ना, त्याचा खरा उपयोगही मला यातच दिसतो. लोकांना मान द्यायचा म्हणून तर आहेच, पण भिंत उभी राहताना ज्याने पाहिली, जिच्या मातीत ज्याने पाय घातले, तोच पुढे ती नीट करू शकतो.

हे मत कॉलेजात झालेलं नाही. कॉलेजात आम्हाला ल कॉर्ब्युझिए होता, त्याने आखलेलं चंदीगड होतं, शीट रेंडरिंग होतं, गावातलं घर म्हणजे फार तर 'व्हर्नाक्युलर', म्हणजे स्थानिक बांधणी, नावाच्या विषयात एकदा मोजायला जायचं आणि पेन्सिलने छान छायाप्रकाश काढून मार्क मिळवायचे. मी दुसऱ्या वर्षाला असताना किल्लारीचा भूकंप झाला. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून लोक उशिरा झोपलेले. आमच्या सोलापुरातही भांडी वाजली, आम्ही सगळे रस्त्यावर. ६.२ च्या आसपासचा भूकंप, जगाच्या हिशेबात फार मोठा नव्हे, पण जवळपास दहा हजार माणसं गेली, आणि ती गेली घरांमुळे. काही महिन्यांनी आम्हा विद्यार्थ्यांना पडक्या घरांच्या नोंदी करायला तिकडे नेलं तेव्हा माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, घर आतून कसं असतं ते मी पहिल्यांदा नीट पाहिलं, म्हणजे ते फाटून उघडं पडलं होतं म्हणूनच पाहता आलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मराठवाड्यातलं जुनं घर म्हणजे आत लाकडी खांब आणि तुळयांचे खण, त्यावर आडवी लाकडं, त्यावर बारीक काटक्यांचा किलचा, मग पाला आणि सगळ्यावर गावातली पांढरी माती. काळी चालत नाही, काळी उन्हाळ्यात फाटते आणि पावसात फुगते, पांढरी गच्च बसते. मध्ये उजेडाला सवणं, म्हणजे छतातलं भोक, ठेवलेलं. बाहेरून दोन-अडीच फूट जाड दगडी भिंत. उन्हाळ्यात बाहेर चाळीस-बेचाळीस असलं तरी आत दुपारी झोप लागायची, आणि रात्री झोपायला माळवद. आता यात गोम अशी की दर वर्षी मृगाच्या आधी माळवदावर नवी माती टाकायची पद्धत. गळू नये म्हणून. आजोबांनी टाकली, वडिलांनी टाकली, कुणी जुनी काढली नाही, असं करत करत कित्येक घरांवर दोन-दोन फूट माती साठलेली. आणि भिंत बाहेरून दिसायला किल्ल्यासारखी, पण ती एक भिंत नव्हतीच, आतल्या अंगाची एक आणि बाहेरच्या अंगाची एक अशा दोन पातळ भिंती, मध्ये मातीत भरलेले बारके दगड. दोन्ही अंगांना धरून ठेवणारा आरपार दगड कुठेच नाही. हललं तसं बाहेरचं अंग बाहेर गेलं, आतलं आत पडलं.

पण मला जे विसरता येत नाही ते दुसरंच. कित्येक घरांत भिंती पूर्ण ढासळल्या होत्या आणि आतला लाकडी सांगाडा वरचं ओझं घेऊन तसाच उभा होता! म्हणजे जुन्या सुतारांनी केलेलं काम टिकलं होतं. आरपार दगड घालायचं शास्त्रही काही परदेशातून आणायला नको होतं, जुन्या चांगल्या बांधकामात तो असायचाच. मधल्या काळात कुठेतरी ते सुटलं, दगड महाग झाला असेल, चांगले पाथरवट गावातून गेले असतील, घाई झाली असेल. घराने माणसं मारली हे खरंच आहे, पण दगड-मातीने मारली असं सरसकट म्हणणं मला तेव्हाही पटलं नव्हतं. लोकांना मात्र ते पटलं होतं, आणि त्यांचं कसं चुकीचं म्हणणार? ज्या बाईने दगडाखालून पोर काढलंय तिला मी विशीतली मुलगी काय सांगणार की दगड चांगला असतो. लोक कित्येक महिने पत्र्याच्या शेडमध्ये राहिले पण उभ्या असलेल्या घरात झोपायला जाईनात.

नंतर पुनर्वसन झालं. जागतिक बँकेच्या मदतीने मोठा कार्यक्रम, बावन्न गावं पूर्णच नव्या जागी वसवली. रुंद सरळ रस्ते, रांगेत एकसारखी घरं, मध्ये मोकळी मैदानं. नकाशावर फार छान दिसतं ते, मला त्या वेळी ज्युरीत, परीक्षकांपुढे, नक्की मार्क मिळाले असते. पण प्रत्यक्षात बैल कुठे बांधायचे, कडबा कुठे रचायचा, बायकांनी दारात बसून तूर पाखडायची तर आडोसा कुठाय, भावकी एका गल्लीत होती ती आता चार सेक्टरमध्ये. हो, गावाला सेक्टर! जुन्या गावात आवाज दिला की ऐकू जायचा, नव्यात चालत जावं लागायचं. पुढे कधी गेले तर पक्क्या घरापुढे पत्रे ठोकून लोकांनी आपापलं घर करून घेतलेलं दिसायचं, चूल बाहेर, जनावरं बाहेर, माणसंही उन्हाळ्यात बाहेर, आणि पक्क्या खोलीत धान्याची पोती.

याच्या शेजारी दुसरं एक काम चालू होतं ज्याचे फोटो कमी छापून आले. जी गावं हलवली नाहीत तिथली घरं जागेवरच दुरुस्त आणि मजबूत करायची. भिंतीला ठरावीक अंतरावर भोक पाडायचं, त्यात आकडा वळवलेली सळई घालून काँक्रीट भरायचं म्हणजे दोन्ही अंगं एकमेकांना धरतात, वरून घराभोवती काँक्रीटचा भूकंप पट्टा फिरवायचा, माळवदाची जादा माती उतरवून पातळ थर ठेवायचा. पैसे हप्त्याने घरमालकाला, काम त्याने करून घ्यायचं. आणि लोकांना हे सगळं समजावून सांगायला गावातल्याच बायका नेमल्या होत्या, संवाद सहायक म्हणायचे त्यांना. प्रेमा गोपालन यांच्या स्वयम शिक्षण प्रयोग या संस्थेकडे ते काम होतं, लातूर आणि तेव्हाचं उस्मानाबाद, आताचं धाराशिव, अशी हजाराच्या वर गावं. महिला मंडळातल्या बायका, काहींना लिहितावाचता जेमतेम, त्या इंजिनीअरला विचारायच्या की या गावाला सिमेंट किती आलं आणि त्यातलं लागलं किती. काही जणी गवंडीकाम शिकल्या. २६ जानेवारी २००१ ला भुजला झालं तेव्हा याच लातूरच्या बायका कच्छमध्ये जाऊन तिकडच्या बायकांना सांगून आल्या की घर कुणी बांधून देतो म्हणाला तरी बांधू देऊ नका, पैसे घ्या आणि स्वतः बांधा. गुजरातने मालकाने स्वतः बांधायचं हे धोरण पुढे मोठ्या प्रमाणावर राबवलं. आर्किटेक्चरच्या कुठल्या लेक्चरपेक्षा मला त्या बायकांच्या बैठकीत जास्त कळलं, आणि खरं सांगायचं तर मी तिथे फक्त टेप धरायला होते.

डिग्री झाल्यावर सगळे करतात तसं मीही पुण्यात एका मोठ्या ऑफिसात टॉयलेट डिटेल काढत काही वर्षं काढली. ती लिहिण्यासारखी नाहीत.

मग त्रिवेंद्रमला गेले, कमी खर्चात बांधणारे आर्किटेक्ट लॉरी बेकर यांचं काम बघायला. आमच्या पिढीतले जे कोणी या वाटेला लागले त्यातले निम्मे तरी बेकरांमुळे लागले असतील. माणूस मूळचा बर्मिंगहॅमचा, जन्म १९१७ चा, युद्धकाळात चीनमध्ये वैद्यकीय पथकात होता, परत जाताना बोटीची वाट बघत मुंबईत थांबला आणि तिथे गांधीजींची गाठ पडली, आणि पुढे १९४५ मध्ये तो कुष्ठरोग्यांच्या दवाखान्यांच्या इमारतींसाठी भारतात आला तो इथलाच झाला. डॉक्टर असलेल्या एलिझाबेथबाईंशी लग्न, पिथौरागडच्या डोंगरात दवाखाना, मग केरळ. १९९० ला पद्मश्री, २००७ ला गेले. घराला लागणारं सामान पाच मैलांच्या आत मिळायला हवं हा गांधीजींचा विचार त्यांनी आयुष्यभर धरून ठेवला. तंपानूरच्या बसस्टँडजवळचं ते गोल चढत जाणारं इंडियन कॉफी हाउस पाहिलंय ना? विटांची जाळी, बाके भिंतीतच बांधलेली, सरळ जमीन कुठेच नाही, कॉफीचा कप मात्र सरळ राहतो. मी तिथे बसून भिंतीतल्या विटा मोजत होते आणि वेटर माझ्याकडे बघत होता.

बेकरांचं रॅट ट्रॅप बाँड आता सगळ्यांना ऐकून माहितीये. वीट आडवी न ठेवता उभी ठेवायची, दोन विटांच्या मध्ये पोकळी राहते, भिंत नऊ इंचीच पण विटा साधारण पाव हिश्शाने कमी आणि पोकळीमुळे आत गारवा. स्लॅबचं पण तसंच, स्लॅबच्या खालच्या अंगाला ताण सळई घेते, तिथलं काँक्रीट नुसतंच वजन वाढवतं, तर तिथे मंगळुरी कौलं घाला, सिमेंट वाचतं. आणि सिमेंट वाचवणं ही काही नुसती काटकसर नाही, चुनखडी १४५० अंशांपर्यंत भाजायची, इंधन जळतं ते जळतंच पण त्या दगडातूनही कार्बन डायऑक्साइड सुटतो, जगातल्या एकूण उत्सर्जनापैकी सात-आठ टक्के एकट्या सिमेंटचं. पण मला बेकरांची सगळ्यात मोठी गोष्ट ही वाटते की त्यांचे गवंडी. बेकर साइटवर उभे राहून हाताशी असेल त्या कागदावर काढून द्यायचे, गवंड्याशी बोलत बदलायचे, आणि १९८५ मध्ये निघालेल्या कॉस्टफोर्ड या संस्थेमधून ते काम येणारी माणसं केरळभर तयार होत गेली. त्यामुळे तिकडे रॅट ट्रॅपची भिंत फुटली तर सांधायला माणूस मिळतो. इकडे मी पहिल्यांदा ती भिंत घालायला सांगितली तेव्हा आमचे मिस्त्री ओळंबा खाली ठेवून माझ्याकडे नुसते बघत राहिले. म्हणाले, ताई, भिंत पोकळ? मग उंदीर? नावच तसं आहे मामा, म्हटलं, पण उंदीर शिरत नाही. त्यांनी एक थर लावला, थापीच्या दांड्याने ठोकून आवाज ऐकला, पटलं नाही, परत पाडला, परत लावला. दुपारनंतर गडी कामाला लागल्यावर त्यांनीच कोपऱ्याचा सांधा माझ्या ड्रॉइंगपेक्षा चांगला काढला, आणि आजही आम्ही तसाच काढतो.

म्हणून माझ्या साइटवर मी एक नियम करून टाकलाय, बाहेरून तयार टीम आणायची नाही. वेळ जास्त लागतो, पहिल्या भिंती वेड्यावाकड्या होतात, क्लायंट वैतागतो. पण केरळहून किंवा पाँडिचेरीजवळच्या ऑरोव्हिलहून कारागीर आणायचे, सुंदर काम करून घ्यायचं, फोटो काढायचे आणि ते गेले की भिंतीला तडा गेल्यावर गावात कुणालाच हात लावायची हिंमत नाही, हे मी दुसऱ्यांच्या कामांत बऱ्याच ठिकाणी बघितलंय. मुळशी, कामशेत, मावळात आता मातीच्या फार्महाउसांची फॅशन आहे. त्यातली काही खरंच चांगली आहेत, मी नाव ठेवत नाही, पण चार हजार स्क्वेअर फुटांचं वीकेंड घर, स्विमिंग पूल, इटालियन किचन आणि भिंती मातीच्या म्हणून ते पर्यावरणपूरक, हे मला झेपत नाही. बरं ते वर्षातले तीनशे दिवस बंद. मातीच्या घराला राहतं माणूस लागतं हो, चूल पेटली पाहिजे, झाडलोट झाली पाहिजे, वाळवी दिसली की त्याच दिवशी खरवडली पाहिजे.

शहरातल्या कामांमध्ये मला सगळ्यात जवळचं वाटतं ते येरवड्याचं. मी त्यात नव्हते, पण नवे विद्यार्थी आले की मी त्यांना आधी तिकडे चालायला नेते. जेएनएनयूआरएम या केंद्राच्या शहर सुधारणा कार्यक्रमाच्या काळात, त्यातल्या शहरी गरिबांसाठीच्या बीएसयूपी योजनेखाली, पुणे महापालिका, स्पार्क ही संस्था, वस्तीतल्या बायकांची संघटना महिला मिलन आणि आर्किटेक्ट प्रसन्न देसाई यांनी तिथल्या वस्त्या पाडून टॉवर न बांधता जागच्या जागी घरं केली. जे पक्कं घर आहे त्याला हात नाही, कच्चं असेल तेच उतरवायचं. साधारण २७० स्क्वेअर फुटांचं घर, खर्चातला दहा टक्के वाटा त्या कुटुंबाचा. ज्याची जागा लहान त्याला वर चढवायचं, शेजारीशेजारी दोघं-तिघं तयार असतील तर जिना एकत्र. गल्ली तीच, शेजारी तेच, पाण्याचा नळ तिथेच. यातल्या प्रत्येक घराचं ड्रॉइंग वेगळं, कल्पना करा ऑफिसचं काय झालं असेल! आज तिथे गेलात तर कुणी ग्रिल लावलंय, कुणी वर पत्रा चढवलाय, कुणी रंग असा दिलाय की डोळे दिपतात. आर्किटेक्ट मंडळी हे बघून हळहळतात. मला उलट बरं वाटतं. लोकांना घर हाताळता येतंय.

महिला मिलनच्या बायकांची एक रीत मी उचलली, घर आधी खऱ्या मापात उभं करून बघायचं. मुंबईत फुटपाथवर राहणाऱ्या बायकांनी ऐंशीच्या दशकातच कापडं, काठ्या लावून घराचे पुऱ्या मापाचे नमुने केले होते आणि त्यातूनच पोटमाळ्यासाठी चौदा फूट उंची हवी हे त्यांनी ठरवलं होतं, कुठल्या आर्किटेक्टने नव्हे. आम्ही गावात अंगणवाडीचं काम होतं तेव्हा नकाशा भिंतीला लावून बैठक घेतली, सरपंच, दोन मेंबर, ग्रामसेवक, खुर्च्यांवर पुरुष आणि दाराबाहेर बायका. सगळे हो म्हणाले. हो म्हणणं फार सोपं असतं नकाशाला, तो कुणाला कळत नाही आणि कळत नाही म्हणायला लाज वाटते. दुसऱ्या दिवशी मी मैदानात फक्की मारून अख्खी अंगणवाडी आखली, काठ्या रोवल्या, बायकांनी भिंतींच्या जागी साड्या बांधल्या. मग खरी बैठक झाली. सेविका आत शिरली, हातात खिचडीचं पातेलं धरल्यासारखे हात केले, वळली आणि कोपराने साडी खाली आली. म्हणाली, इथून मी पोरांवर सांडणार. एका आजींनी दार पश्चिमेला का ठेवलंय म्हणून विचारलं, पाऊस तिकडून येतो हे त्यांना माहीत होतं आणि माझ्या साइट अॅनॅलिसिसच्या शीटवर बाणही होता, पण दार मी रस्त्याच्या सोयीने ठेवलं होतं. खंडीभर गप्पांनंतर स्वयंपाकाची खोली उलटी झाली, दार फिरलं, आणि एक ओटा बाहेर आला, आयांना बसायला. तो ओटा कुठल्याही सरकारी टाइप प्लॅनमध्ये नसतो.

तिथल्याच त्या आजींनी मला जे विचारलं त्यावरूनच मी या लेखाला नाव दिलंय. "ताई, तुमी बांधून द्याल वो झकास, पण पोपडा निघाला तर तुमाला कुटं हुडकायचं?"

मग आम्ही गिलाव्याचं काम बायकांच्या हातात दिलं. माती कुठली, तर तलावाच्या काठची, बाटलीत पाणी घालून हलवून ठेवली, वाळू खाली बसली, चिकण वर, किती वाळू मिसळायची ते बघून ठरवलं. भुसा टाकून माती आठवडाभर भिजत घातली, वास सुटला तेव्हा ग्रामसेवक येऊन गेले आणि नाकाला रुमाल लावून विचारलं की हे अंदाजपत्रकात आहे का. पहिला हात जाड, तो सुकून भेगाळला की दुसरा पातळ, मग शेवटी चुना. पहिल्या दिवशी मी त्यांना शिकवत होते असं मला वाटत होतं. सारवण ज्यांनी आयुष्यभर केलंय त्यांना मी शिकवणार! फरक एवढाच की जमिनीवरचं काम भिंतीवर घ्यायचं. खालून वर हात न्यायचा, तळहाताची टाच दाबायची, बोटं मोकळी, एवढंच मी सांगितलं आणि बाजूला झाले.

सरकारी घरकुलाकडेही याच नजरेने बघायला लागलं की गंमत वाटते. प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीणमध्ये केंद्राच्या नियमाने सपाट भागात १ लाख २० हजार, डोंगराळ भागात १ लाख ३० हजार, घर किमान २५ चौरस मीटर, शिवाय रोजगार हमीतून मजुरी, पैसे हप्त्याने थेट खात्यात आणि प्रत्येक टप्प्याला मोबाइलवर फोटो. लोकांना वाटतं यात पक्कं म्हणजे सिमेंटचंच. पण योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत पक्क्या घराचा अर्थ असा दिलाय की ऊन-वारा-पाऊस आणि वापर सोसून, व्यवस्थित देखभाल केली तर, किमान तीस वर्षं टिकणारं घर. म्हणजे चांगल्या पायावरची, मोठी पागोळी सोडलेली, चुन्याने लिंपलेली मातीची भिंत यात बसू शकते. खुद्द केंद्राने राज्याराज्यांतल्या स्थानिक घरांच्या नमुन्यांचं संकलनही काढलंय. अडतं ते खाली. तालुक्याच्या इंजिनीअरला सही करायची असते आणि उद्या काही झालं तर त्याची चौकशी लागणार, माझी नाही. त्याच्या जागी मी असते तर मीही विटेचीच भिंत मागितली असती. आणि लाभार्थ्यालाही मातीचं घर नको असतं हे कबूल करायला हवं. गावात मातीचं घर म्हणजे गरिबी, मुलाचं लग्न जमायला अडतं. पुण्यातला आयटीवाला मातीच्या घराचे फोटो टाकतो आणि त्याला लाइक मिळतात, गावातल्या बाईने ते घर ठेवलं तर तिला सोयरीक मिळत नाही. या बाईला मी पर्यावरण शिकवायला जात नाही. तिला स्लॅब हवी असेल तर स्लॅब, फक्त मध्ये कौलं घालू, भिंत रॅट ट्रॅपची करू, पश्चिमेला खिडकी नको, आणि गवंडी तिच्याच गावचा.

रेटिंगबद्दल थोडं. ग्रिहा, लीड वगैरे पर्यावरणपूरक इमारतींना गुण देणाऱ्या पद्धतींना मी नावं ठेवणार नाही, पाण्याचा, विजेचा हिशेब मांडायची सवय त्यांनी लावली, महापालिका मालमत्ता करात सवलत देतात तेही ठीक. पण काचेच्या इमारतीला रेटिंगची पाटी लागते आणि अंगणवाडीला लागत नाही, कारण अर्जाची फी आणि कन्सल्टंट परवडत नाही. असो, हा विषय निघाला की मी चिडते आणि मग लांबते.

पैशाचं राहिलं. विद्यार्थी हे विचारायला लाजतात म्हणून मीच सांगते. आर्किटेक्टची फी साधारणपणे बांधकामाच्या खर्चावर टक्केवारीने असते. म्हणजे मी डोकं चालवून खर्च जितका कमी करीन तितके माझे पैसे कमी, आणि साइटवर उभं राहणं मात्र दुप्पट. हा हिशेब ज्याने कुणी बसवलाय त्याने स्वस्त घर बांधणाऱ्या माणसाचा विचार केलेला नाही. मी बरीच वर्षं पुण्यातले फ्लॅटचे इंटिरिअर करून गावातली कामं पोसली, मॉड्युलर किचनच्या ट्रॉल्यांवर माझी अंगणवाडी उभी आहे म्हणा ना. आता मी टक्केवारी सोडली, साइटवरच्या दिवसांचे पैसे लावते आणि करारात एक ओळ जास्त असते, पहिल्या दोन पावसाळ्यांनंतर मी येऊन बघणार आणि त्याचे पैसे आत्ताच द्यायचे. खाजगी क्लायंट कुरकुरतात पण देतात. ग्रामपंचायतीत हे पैसे कुठल्या हेडला टाकायचे यावर अजून घोळ आहे, कारण बांधकामाला हेड आहे, उद्घाटनाचा खर्चही कुठेतरी बसतो, दुसऱ्या पावसाळ्यानंतर भिंत बघायला येण्याला मात्र नाव नाही. मागच्या वेळी ग्रामसेवकांनी ते किरकोळ खर्चात दाखवलं.

इंटर्नशिपसाठी मुलं दिवाळीनंतर मेल करतात, सोबत पोर्टफोलिओ, सुंदर रेंडर, हिरवी छतं, उडणारे पक्षी. मी त्यांना मे महिन्यात बोलावते. तेव्हा गिलाव्याची माती भिजलेली असते, वळवाच्या आधी काम उरकायचं असतं आणि मिस्त्री मामा वैतागलेले असतात. राहण्याची सोय शाळेत होते, जेवण सेविकेकडे. पंखा आहे, लाइटचं सांगता येत नाही.